घाट, घड्याळ आणि शेजारी

भीमाशंकरच्या मुलखात 'घाट' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे : नाणेघाट, माळशेज, खांडसहून ज्योतिर्लिंगाकडे चढणारे गणपती घाट आणि शिडी घाट. दुसरा अर्थ उत्तर पुण्याबाहेर फारसा कळत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या तालुक्यांत गावाबाहेरच्या चढणीवर बैलगाडे पळवण्यासाठी जी धाव तयार केलेली असते, तिलाही घाटच म्हणतात. हा धागा त्या दुसऱ्या घाटाचा आहे.

सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेल्या पश्चिमेच्या गावांत भाताची खाचरे, धो धो पाऊस आणि दाट रान. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली शेकरूसाठी राखले गेले, ते याच पट्ट्यात. तिथल्या बैलाचे काम चिखल तुडवण्याचे. घोडनदी आणि कुकडी पूर्वेकडे उतरतात तशी जमीन मोकळी होते आणि माळ लागतात. घोडेगाव मागे पडून मंचर, अवसरी, नारायणगाव आले, की प्रत्येक शिवारात एखादी चढण 'घाट' म्हणून ओळखली जाते. वर्षातले तीनशे साठ दिवस तिथे शेळ्या चरतात. उरलेल्या चार-पाच दिवसांसाठी गाव वर्षभर बोलत राहते.

इथली शर्यत महाराष्ट्रातल्या इतर शर्यतींसारखी नाही, हे आधी सांगायला हवे. सांगली-साताऱ्याकडे सपाट मैदानात अनेक गाड्या एकदम सुटतात आणि हाकणारा गाडीवर असतो. विदर्भात शंकरपट भरतो. अलिबागकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर बैल धावतात. उत्तर पुण्याच्या घाटात मात्र एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, म्हणजे पुढे एक जोडी आणि मागे एक. गाड्यावर कोणी बसलेले नसते. पुढे घोडीवरचा स्वार वाट दाखवत सुसाट जातो. खालच्या टोकाला जुंपणी होते, निशाण पडते, आणि दहा-बारा सेकंदांत सारे संपते. या एका धावेला 'बारी' म्हणतात. बारीचा निकाल घड्याळ देते. दिवसाअखेर ज्याचे सेकंद सर्वांत कमी, तो घाटाचा राजा.

म्हणजे ज्यांच्यात चुरस आहे ते दोन गाडे एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. प्रतिस्पर्धी त्या क्षणी बाजूला उभा राहून बघत असतो, त्याच्या बैलांच्या पाठीवर अजून झूल असते, आणि त्याला हरवणारा आकडा लाऊडस्पीकरवरून त्याच्या कानावर येतो. समोरासमोरच्या झुंजीत हरलेल्याला निदान कारण दिसते : धक्का लागला, वाट अडली. इथे फक्त आकडा असतो. आकड्याशी भांडता येत नाही म्हणून मग माणसे घड्याळ धरणाऱ्याशी भांडतात, आणि घाटातले बहुतेक तंटे निशाण आधी पडले की नंतर, बोट कधी दाबले, याच मुद्द्यांवर झालेले असतात. सेकंदाचा शंभरावा भाग मोजायची सोय झाली तेव्हा तंटे मिटतील असे वाटले होते. आता ते शंभराव्या भागावरून होतात, एवढाच फरक.

गाडा एका घराचा असतो, पण नाव गावाचे लागते. जुन्नरचा गाडा आंबेगावातल्या जत्रेत पहिला आला, की पराभव एका मालकाचा राहत नाही. संध्याकाळी पारावर तो साऱ्या तालुक्याचा होतो. या तालुक्यांत एरवीही शेजारधर्म आणि शेजारवैर हातात हात घालून नांदतात. लेकी एकमेकांच्या गावात दिलेल्या आहेत, ऊस एकमेकांच्या रस्त्यांनी कारखान्याला जातो, आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागतो तोही याच सोयऱ्यांत. जावयाचा गाडा सासऱ्याच्या गावच्या घाटात पहिला आला तर जेवणाची पंगत कशी बसते, हे पाहण्यासारखे असते.

असे शेजारवैर जगात इतरत्रही आहे, आणि त्यातले एक इथे मुद्दाम आठवण्याजोगे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट ही दोन शेजारची राज्ये. एकात हार्वर्ड विद्यापीठ, दुसऱ्यात येल. १८७५ साली या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी न्यू हेवन येथे फुटबॉलचा पहिला सामना खेळला. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा चेंडू नव्हे. अंडाकृती चेंडू काखेत घेऊन समोरच्यांच्या भिंतीला भिडायचा खेळ. तो सामना पुढे दरसालचा झाला. आज त्याला नाव लागत नाही, नुसते 'द गेम' म्हटले की कळते.

पण त्या सामन्यालाही बंदीचा इतिहास आहे. १८८५ च्या हंगामात हार्वर्डच्या प्राध्यापकांनी खेळच बंद ठेवला. १८९४ साली स्प्रिंगफील्डच्या मैदानावरचा सामना इतका रक्तबंबाळ झाला, की पुढची दोन वर्षे दोन्ही विद्यापीठे या मैदानात एकमेकांसमोर आलीच नाहीत. १९०५ च्या हंगामात देशभरात या खेळात किमान १८ जण दगावले. त्याच वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा असे बजावले. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता. पुढच्या वर्षी नियम बदलले : चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, दोन्ही रांगांमध्ये अंतर राखण्याची सक्ती झाली, एकमेकांच्या अंगावर घोळक्याने कोसळणे कमी झाले. खेळ टिकला तो नियमांची दुरुस्ती करून. त्या काळी हा खेळच कायमचा बंद करावा असे म्हणणारेही थोडेथोडके नव्हते, आणि त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते.

फरक एकच, पण मोठा. हार्वर्ड-येलच्या मैदानात ज्यांची हाडे मोडत होती ते स्वतः होऊन उतरलेले तरुण होते. घाटात पळणाऱ्या चौघांना कोणी विचारलेले नसते.

भारतात या प्रश्नाला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तोंड फोडले. त्या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार काही प्राण्यांचे प्रदर्शन व खेळ करण्यास मनाई करता येते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह असे प्राणी त्या यादीत होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्यात बैलाची भर घातली. सर्कशीतल्या वाघाच्या रांगेत नांगराचा बैल जाऊन बसला, आणि घाट थांबले. महाराष्ट्र शासनाने शर्यतींवर मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये ती उचलून धरली. अपिले दिल्लीला गेली.

दिल्लीत गेल्यावर उत्तर पुण्याच्या बैलाला एक अनपेक्षित सोबती भेटला. तमिळनाडूत पोंगलच्या सुमारास जल्लिकट्टू होतो : वशिंड पकडून उधळलेल्या बैलाला बिलगून राहायचे. त्या खेळाचा आणि बैलगाड्याचा परस्परांशी काही संबंध नाही; एकात गाडा नाही, दुसऱ्यात बिलगणे नाही. पण कायद्याच्या दृष्टीने बैल हा बैल. ७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने दोन्ही खेळ एकाच निकालात अवैध ठरवले. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी घडलेली नाही. कल्याणाचा कायदा आणि परंपरा यांच्यात विरोध आला तर कायदा वरचढ. प्राण्यालाही वेदनेपासून मुक्त जगण्याचा हक्क आहे. निकालाचा गाभा असा होता.

निकाल लागला तेव्हा घाटाकडची माणसे चिडली ती 'क्रूरता' या शब्दावर. ज्या जनावराला घरातल्या लेकराआधी पेंड मिळते, पावसाळ्यात ज्याच्या गोठ्यात शेकोटी असते, ज्याच्या मृत्यूनंतर त्याला शेतात पुरून वर समाधी बांधतात, त्याच्याशी आम्ही क्रूर? हा प्रश्न प्रामाणिक होता. मात्र अर्धाच होता. शेपूट पिरगाळणे, चावणे, टोचणे, चाबूक ओढणे, विजेचा झटका देणे हे प्रकार शर्यतींत घडत होते. ज्याने बैलाला रोज रात्री कुरवाळले, त्याचाच हात बारीच्या वेळी चाबकाकडे जात होता. प्रेम आणि इजा एकाच घरात, एकाच हातून होऊ शकते, हे मान्य करायला दोन्ही बाजू तयार नव्हत्या, आणि पुढची सात वर्षे बहुतेक वाद त्यामुळेच वांझ राहिला.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून शर्यतींना वाट करून दिली. काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा समुद्र लोटला आणि तमिळनाडूने आपल्यापुरता केंद्रीय कायद्यात बदल करून घेतला. कर्नाटकाने किनारपट्टीवरच्या कंबळासाठी, म्हणजे चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीसाठी, तेच केले, आणि त्यात बैलगाडीची शर्यतही बसवली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही २०१७ सालीच दुरुस्ती संमत केली. बैलाला इजा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड असे तिच्यात लिहिले गेले. पण १६ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली.

त्यानंतरची चार वर्षे चमत्कारिक होती. तमिळनाडूत बैल धावत होता, कर्नाटकात रेडा धावत होता, आणि महाराष्ट्रातला बैल दावणीला होता. तिन्ही राज्यांचे कायदे जवळपास सारखे. येथे शेजाऱ्यांच्या चुरशीने वेगळेच रूप घेतले. इतकी वर्षे जुन्नर आंबेगावकडे पाहून दात-ओठ खात होते. आता दोघे मिळून शेजारच्या राज्याकडे पाहू लागले. 'त्यांचे चालते, मग आमचे का नाही?' असे घाटातला माणूस पारावर म्हणत होता आणि राज्याचा वकील न्यायालयात म्हणत होता. गंमत अशी की ज्या खिल्लार बैलाच्या नावाने मराठी माणूस छाती फुगवतो, त्या खिल्लारची नाळ पशुशास्त्राचे अभ्यासक म्हैसूरकडच्या हळ्ळीकार जातीशी जोडतात. शेजाऱ्याशी भांडायलाही शेजाऱ्याचेच रक्त लागले.

बंदीच्या काळात एकमेकांचे हाडवैरी असलेले गाडामालक एका गाडीत बसून पुण्याला, मुंबईला, दिल्लीला जाऊ लागले. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, गुन्हे दाखल झाले. मंचरच्या आणि नारायणगावच्या मालकांची नावे एकाच फिर्यादीत आली. चोरून शर्यती भरत राहिल्या हेही खरे. पहाटेच्या अंधारात, लाऊडस्पीकरविना, गुलालाविना. ज्यांनी त्या पाहिल्या ते सांगतात की त्यात मजा नव्हती. सेकंद मोजले जात होते, पण ते ऐकायला हरणारे गाव हजर नव्हते.

या साऱ्यात बैलाचे काय झाले? बैलाच्या धावेची उमेद फार वर्षांची नसते. खोंड हाताशी येतो, दोन-तीन वर्षांत तयार होतो, आणि मग काही हंगाम त्याचे. मे २०१४ ते डिसेंबर २०२१ हा साडेसात वर्षांचा काळ माणसाच्या आयुष्यात एक टप्पा असेल. बैलाच्या बाबतीत ते अख्खे तारुण्य आहे. २०१४ च्या बाजारात आशेने घेतलेला खोंड एकही उघड बारी न करता म्हातारा झाला. त्यातच मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. पळवता येत नाही, नांगराला ट्रॅक्टर आलेला, विकायला गेले तर गिऱ्हाईक नाही, आणि दावणीला पेंड-भुसा चालूच. ज्यांची ऐपत होती त्यांनी पोसले. ज्यांची नव्हती त्यांनी निम्म्या-पाव किमतीला दिले आणि ते कुठे गेले हे विचारले नाही.

'शर्यत टिकली तरच देशी गोवंश टिकेल' हा युक्तिवाद या काळात फार जोरात मांडला गेला. त्यात तथ्य आहे, पण सांगतात तेवढे नाही. शर्यतीने वेगवान खोंडाला लाखांची किंमत येते आणि पैदाशीला बळ मिळते, हे बरोबर. पण हजारो सामान्य बैल घाटात कधीच उतरत नव्हते. त्यांना डिंभे, माणिकडोह, येडगावच्या पाण्याने बदललेल्या शेतीने आणि ट्रॅक्टरने घालवले. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस आला, टोमॅटो आला, भीमाशंकर आणि विघ्नहर हे साखर कारखाने उभे राहिले; त्या समृद्धीतूनच शर्यतीचा बैल नुसता शौकासाठी पोसणे परवडू लागले. पूर्वी नांगराचाच बैल जत्रेला पळत असे. आज पळणाऱ्या बैलाच्या मानेला नांगराचा घट्टा नसतो.

परंपरेच्या वयाबद्दलही थोडे सावध राहिलेले बरे. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकाळातला शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी-घोड्यांची यादी कोरलेली आहे. त्या यादीवरून बैलगाड्याला दोन हजार वर्षांची वंशावळ जोडण्याचा मोह आवरावा. या खेळाची खरी मुळे गावदेवाच्या जत्रेत आहेत, आणि ती पुरेशी खोल आहेत. आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंग डोंगरावर खंडोबाचे ठाणे आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेत तिथे नवसाचे गाडे पळतात. पोर बरे झाले, विहिरीला पाणी लागले, म्हणून गाडा पळवायचा. तिथे पहिल्या येण्यापेक्षा पळण्याला मोल आहे. चुरस ही त्या नवसावर नंतर चढलेली झूल.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, इतर दोन राज्यांत जी व्यवस्था चालू आहे ती महाराष्ट्रालाही लागू असावी, असे म्हणून अटींसह शर्यतींना परवानगी दिली. आंबेगावातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ रोजी शर्यत ठरली, आणि कोरोनाच्या नव्या लाटेपायी ऐन वेळी परवानगी रद्द झाली. साडेसात वर्षे थांबलेल्यांना आणखी काही आठवडे थांबावे लागले. मग घाट पुन्हा भरले. शेवटचा शब्द १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उच्चारला : तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध, एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, मात्र नियमांची अंमलबजावणी काटेकोर व्हावी, आणि ती जबाबदारी जिल्हा प्रशासनाची.

घाट परत आले, पण तेच परत आले असे म्हणता येणार नाही. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत भरलेल्या शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर आणि दुचाक्या लावल्या होत्या. ज्या यंत्राने माळ सपाट केले आणि बैलाला शेतातून हद्दपार केले, तेच यंत्र बैलाने जिंकायचे. फ्लेक्सवर बैलापेक्षा नेत्याचा चेहरा मोठा होऊ लागला. मालक आपल्या दोन बैलांना दुसऱ्या तालुक्यातल्या मालकाचे दोन बैल जोडून गाडा पळवू लागले. तशा गाड्याला कोणत्या गावाचे नाव लावायचे हा नवाच पेच. जुनी माणसे यावर नाक मुरडतात. पण शेजाऱ्याचा बैल आपल्या बैलासोबत जुंपायचा तर त्याची चाल, त्याचा स्वभाव, त्याचे खाणे सारे ठाऊक असावे लागते, आणि ते इतकी वर्षे त्याच्यावर डोळा ठेवून असलेल्या प्रतिस्पर्ध्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

चाबूक आता घाटात आणता येत नाही. पशुवैद्यक हजर असतो, चित्रीकरण होते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नियम कुठे पाळले जातात, कुठे कागदावर राहतात. ज्या घाटात ते पाळले जातात तिथे एक गोष्ट लक्षात येते : जुंपणीच्या जागी गोंगाट कमी झाला आहे. पूर्वी दहा-वीस माणसे बैलांना झोंबत असत. आता दोन-तीन जण धरून उभे असतात, एक जण कानाशी काहीतरी पुटपुटतो, आणि निशाण पडले की बाजूला होतो.

पौषात थापलिंगच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. भंडारा उधळून माती पिवळी झालेली असते. जुन्नरकडचे गाडे आदल्या रात्रीच येऊन राहिलेले असतात आणि त्यांच्या बैलांना वैरण यजमान गावाने घातलेली असते. ज्याला सकाळी हरवायचे, त्याच्याच बैलापुढे रात्री कडब्याची पेंढी सोडायची, ही इथली रीत बंदीच्या आधीही होती. पेंढी सोडताना माणूस दोन पावले मागे सरून बैलाच्या खुरांकडे, मांडीकडे, वशिंडाकडे बारकाईने बघून घेतो. पाहुणा ते बघताना त्याला बघतो. दोघांपैकी कोणी काही बोलत नाही. मग चहा येतो.